मुंगसाची मुळी

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हाच्या राजाचं नाव आज कुणालाच सांगता येत नाही. त्याचं राज्य उंच डोंगरांच्या पाठीमागं होतं. ढग यायचे, डोंगराच्या अलीकडंच रिकामे व्हायचे, आणि पलीकडं नुसता वारा पोचायचा. माघ सरत नाही तोवर विहिरी तळ दाखवायच्या. म्हणून राजानं एक मोठा तलाव बांधायला घेतला.

तलावाला भिंत हवी, भिंतीला दगड हवा. पाण्यात न झिजणारा काळा दगड साऱ्या राज्यात एकाच ठिकाणी होता. त्या जागेला लोक सापदरी म्हणत.

नावावरून तुम्ही ओळखलंच असेल. दरीत पुरुषभर उंच गवत होतं. गवताखाली भेगाळलेले खडक होते, आणि जवळजवळ प्रत्येक भेगेत कुणी ना कुणी राहत होतं. कुठं नाग, कुठं घोणस, कुठं मण्यार. गुराखीसुद्धा तिकडं गुरं वळवत नसत.

पाथरवट मात्र गेली दोन वर्षं थंडीच्या दिवसांत तिथं जात होते, कारण त्यांच्या कमरेला मुंगसाची मुळी बांधलेली असायची. साप चावलाच तर ती चघळायची, म्हणजे विष उतरतं, असं सगळे मानायचे.

ही मुळी द्यायची भिवरा. भिवरा पन्नाशीची बाई, एकटी राहायची, झाडपाला ओळखायची. कुणाचं पोट दुखलं, कुणाला खोकला झाला, की माणसं तिच्या दारात यायची. तिच्या वडिलांनी तिला ही विद्या शिकवली होती. ते सांगायचे, "मुंगूस सापाशी लढतं. लढताना साप त्याला चावतो. मग मुंगूस पळत जाऊन एक मुळी उकरून खातं, विष उतरवतं आणि परत येऊन सापाला मारतं. ती मुळी ही."

लहानपणी भिवरानं एकदा विचारलं होतं, "बापू, तुम्ही पाहिलंय का हो मुंगसाला मुळी खाताना?"

"माझ्या बापानं सांगितलंय ना," बापू म्हणाले होते. तिथं तो प्रश्न संपला होता.

मुळी कमरेला असूनही दोन वर्षांत दरीत तीन माणसं साप चावून गेली. पहिल्याबद्दल लोक म्हणाले, त्यानं ती वेळेवर चघळली नाही. दुसऱ्याबद्दल म्हणाले, मुळी शिळी झाली होती. तिसरा होता लखमा, पाथरवटांचा नाईक गोंदाजी याचा धाकटा भाऊ. लखमानं मुळी चघळली होती, आणि ती ताजीही होती. त्याच्याबद्दल लोक म्हणाले, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. गोंदाजीनं भावाला पोचवलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हातात घण घेतला.

यंदा भिंत पुरी करायची होती. राजाच्या कारभाऱ्यानं भिवराला बोलावून सांगितलं, "भिवराबाई, थंडी पडली की चाळीस माणसं दरीत जाणार. होळीपर्यंत तिथंच राबणार. चाळीस जणांना पुरेल एवढी मुळी हवी. दोन महिने आहेत तुझ्या हातात."

भिवरा घरी आली आणि तिनं आपली टोपली पाहिली. टोपलीत चार मुळ्या होत्या. वडिलांनी दाखवलेल्या जागेवरच्या वेली दोन उन्हाळ्यांत वाळून गेल्या होत्या. तिनं विचार केला, की वेल कुठं आहे हे माणसाला माहीत नसेल, पण मुंगसाला नक्की माहीत असणार. आपण मुंगसाच्या मागं जावं. ते जिथं उकरेल, तिथं आपणही उकरावं.

दुसऱ्या दिवशी तिनं भाकऱ्या बांधल्या, पाण्याचा भोपळा घेतला आणि सापदरीची वाट धरली.

दरीच्या तोंडाशी करवंदाची एक मोठी जाळी होती. जाळीखाली बीळ होतं, आणि बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग. समोर वीसेक हातांवर एक उघडा, उंच कातळ होता. भिवरा त्या कातळावर जाऊन बसली. तिथून सगळं दिसत होतं, आणि खालून कुणी आलं तर तेही दिसलं असतं.

ऊन चांगलं वर आल्यावर बिळातून एक तोंड बाहेर आलं. टोकदार, गुलाबी नाकाचं. नाक हललं, उजवीकडं, डावीकडं, वर. मग सबंध मुंगूस बाहेर आलं. मादी होती ती. अंगावरचा प्रत्येक केस थोडा काळा, थोडा पांढरा, त्यामुळं सगळं अंग राख आणि मीठ एकत्र कालवल्यासारखं दिसत होतं. डोळे तांबडे. शेपटी अंगाएवढीच लांब. ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली, पुढचे पाय छातीशी धरले आणि तिनं भिवराकडं सरळ पाहिलं.

भिवरानं आजवर किती तरी मुंगसं पाहिली होती. मुंगूस आडवं गेलं की दिवस बरा जातो, एवढंच म्हणून ती पुढं जायची. थांबून तिनं कधी पाहिलं नव्हतं. आता ती पाहत राहिली.

पाहता पाहता आठवडा गेला, मग पंधरवडा गेला. भिवरा संध्याकाळी घरी जायची आणि उन्हाबरोबर परत यायची. मुंगूसही तसंच होतं. अंधार पडायच्या आत बिळात, ऊन तापलं की बाहेर. गारठलेल्या, धूसर वेळी ते कधी गवतात शिरायचं नाही.

दिवसभर ती मादी उकरत असायची. नाक जमिनीला लावून चालायची, मध्येच थांबायची, पुढच्या पायांच्या लांब नखांनी भराभर माती उडवायची आणि कधी किडा, कधी उंदराचं पिल्लू बाहेर काढायची. ती नाकतोडे खायची, सरडे खायची, पडलेली बोरंही खायची. एकदा तिला विंचू सापडला. तिनं तो तोंडात धरलाच नाही. पंजानं तो असा गरगर लोळवला, असा लोळवला, की त्याची नांगी मातीत घासून घासून निकामी झाली. मग शांतपणे खाल्ला.

एकदा तिला तित्तिराचं अंडं सापडलं. अंडं गोल, दात लागेना. मग तिनं काय केलं, ठाऊक आहे? ती खडकाकडं पाठ करून उभी राहिली, अंडं पुढच्या पायांत धरलं आणि मागच्या पायांच्या फटीतून जोरात मागं फेकलं. अंडं खडकावर आपटून फुटलं. भिवरा कातळावर एकटीच होती, तरी तिच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अगं बाई!"

पुढं बिळातून तीन पिल्लं बाहेर यायला लागली. मुठीएवढी पिल्लं, पण एकमेकांवर झेप घ्यायची, मानेला धरायची, उलटी व्हायची, सुटून पळायची. आई एखादं सुकं काटूक तोंडात धरून झटकायची आणि पिल्लं त्यावर धावून जायची. काटूक इकडं झटकलं की पिल्लू तिकडं. भिवराला आधी तो खेळ वाटला. काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं, की आई शिकवते आहे.

आणि एका दुपारी तिनं ते पाहिलं, ज्यासाठी ती आली होती.

जाळीच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत नाग निघाला. जुना, जाड, भिवराच्या मनगटाएवढा. मादीनं तो पाहिला. पिल्लं बिळात होती आणि नागाचं तोंड बिळाकडं होतं.

मादी पुढं आली. तिच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. पाहता पाहता ती दुप्पट मोठी दिसायला लागली. शेपटी कुंच्यासारखी फुलली. नागानं फणा काढला आणि अंगाचा तिसरा हिस्सा वर उचलला.

नागानं झडप घातली. मादी तिथं नव्हती. ती टीचभर बाजूला होती. फक्त टीचभर, त्याहून जास्त नाही.

पुन्हा झडप. पुन्हा टीचभर. भिवराला वाटलं, आता ही चावेल, आता मानगूट धरेल. पण ती चावली नाही. ती फक्त पुढं यायची, नागाला चिडवायची आणि मागं सरायची. एकदा नागाचे दात तिच्यावर पडलेही, पण ते उभ्या केसांतच अडकले, कातडीपर्यंत पोचले नाहीत. असं किती वेळ चाललं कोण जाणे. भिवरा पाणी प्यायची विसरली. हळूहळू नागाची झडप आखूड पडायला लागली. फणा उचलायला त्याला उशीर व्हायला लागला. एकदा झडप घातल्यावर त्याचं डोकं क्षणभर, डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, जमिनीवर राहिलं.

तेवढा वेळ तिला पुरला. तिनं वरून डोकंच दातांत धरलं, आणि सोडलं नाही.

भिवरानं देवळात हात जोडावेत तसे हात जोडले. एवढंसं जनावर! ना विष, ना शिंग, ना मोठं बळ. नुसतं पाहणं, आणि थांबणं, आणि योग्य क्षणी पुढं होणं.

मग तिला मुळीची आठवण झाली. मोकळ्या जागेच्या कडेला, दगडाला बिलगून, तीच वेल होती. बापूंची वेल, हिरवीगार. भिवरा श्वास रोखून बसली. मादी उठली, वेलीच्या इतक्या जवळून गेली की पानं हलली, आणि सरळ ओढ्यावर जाऊन पाणी प्यायली. परत येऊन सावलीत पसरली आणि अंग चाटत पडली.

मन कसं असतं पाहा. भिवरा स्वतःलाच म्हणाली, "तिला चावाच बसला नाही. मग मुळी कशाला खाईल?"

दहाएक दिवसांनी आई पिल्लांना घेऊन निघाली होती. वाटेत, वाळक्या पानांत, घोणस वेटोळं घालून पडली होती. पानांसारखीच दिसत होती. आई थबकली. भिवराला वाटलं, आता पुन्हा लढाई. पण आईनं जागा पाहिली. दोन्ही बाजूंना काटे होते, बाजूला सरायला टीचभर जागा नव्हती. ती वळली आणि पिल्लांना ढकलत आल्या वाटेनं परत गेली. ना फुगली, ना भांडली. नागाला मारणारी ती, आणि तिला परत फिरण्याची लाज वाटली नाही.

पण तीन पिल्लांतलं एक फार धीट होतं. दुसऱ्याच दिवशी ते आईची नजर चुकवून त्या पानांपाशी गेलं आणि काटकीवर घ्यावी तशी त्यानं झेप घेतली. घोणस उसळून डसली. एकदाच.

आई विजेसारखी आली. घोणस सरकत काट्यांत निघून गेली, आई तिच्या मागं गेली नाही. ती पिल्लापाशी बसली. तिनं त्याला नाकानं ढकललं. पिल्लू दोन पावलं चाललं आणि कलंडलं. आईनं त्याची मान तोंडात धरली, त्याला ओढत ओढत सावलीत आणलं. ती सावली त्या वेलीचीच होती. मुळी आईच्या पायाखाली होती. वीतभर माती, बस्स.

भिवरा कातळावर उभी राहिली. "उकर गं," ती पुटपुटली. मग ओरडली, "उकर गं बाई! तुझ्या पायाखाली आहे ती!"

जिची नखं दिवसभर माती उकरायची, तिनं चिमूटभर मातीही उकरली नाही. ती पिल्लाला चाटत राहिली. पिल्लाचं अंग सुजलं, श्वास वाढला, मग कमी झाला. ऊन कलायच्या आत ते गेलं. तरी आई बराच वेळ तिथंच बसून होती.

भिवरा खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. पिल्लासाठी रडली, आणि तीन माणसांसाठी. कारण आता तिला पक्कं कळलं होतं. मुंगसाच्या अंगात थोडंफार विष पेलायची ताकद असेलही, पण मुळीबिळी काही नाही. असती, तर त्या आईनं सारी दरी उकरली असती.

त्या आठवड्यात राजदरबारात चाळीस पाथरवटांची नावं वाचली गेली आणि भिवराला बोलावणं आलं. होत्या त्या चार मुळ्याही टाकून ती रिकामी टोपली घेऊन उभी राहिली.

"मुळी कुठं आहे?" कारभाऱ्यानं विचारलं.

"मुळीत काही गुण नाही, महाराज," ती राजाकडं वळून म्हणाली. "मी डोळ्यांनी पाहिलं. मुंगूस ती खात नाही. आम्ही तीन पिढ्या ऐकलेलं सांगत आलो. चूक माझी आहे."

राजा वाईट नव्हता, पण त्याला तलावाची घाई होती. तो म्हणाला, "बाई, समज गुण नसेल. पण मुळी असली की माणूस धीट होतो. धीट माणूस काम करतो. तू गप्प राहा आणि कुठलीही चाळीस मुळं बांधून दे. कुणाचं काय बिघडलं?"

"महाराज, मुळी असली की माणूस धीट होतो, हे खरं," भिवरा म्हणाली. "म्हणून तर तो न पाहता हात घालतो. ती तीन माणसं मुळी नव्हती म्हणून गेली नाहीत. मुळी होती म्हणून गेली. माझ्याच्यानं आता ती कुणाच्या कमरेला बांधवणार नाही. मग काय शिक्षा द्यायची ती द्या."

राजानं मिशीवरून हात फिरवला. "शिक्षा नाही. पण हे त्यांना तूच सांग. ते जायला नाही म्हणाले, तर तलाव अर्धा राहील, आणि साऱ्या राज्याच्या कोरड्या घशांना तू उत्तर द्यायचंस."

पाथरवटांची वस्ती गावाबाहेर होती. अंगणात छिन्न्यांना धार लावणं चाललं होतं. भिवरा मध्ये जाऊन उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. नाग सांगितला, घोणस सांगितली, पिल्लू सांगितलं. काही लपवलं नाही. दगडावरच्या छिन्न्या एकेक करत सगळ्या थांबल्या.

गोंदाजी उठला. उंच, वाकलेला माणूस. त्याचा आवाज अगदी हळू होता. "मग माझा लखमा कशानं गेला?"

खोटं सांगणं किती सोपं होतं! त्याचं आयुष्यच तेवढं होतं, असं सगळा गाव म्हणतच होता.

"माझ्या मुळीवर भरवसा ठेवला, म्हणून गेला," ती म्हणाली.

कुणीतरी मागून शिवी दिली. कुणी म्हणालं, हिला वस्तीतून हाकला. गोंदाजीनं कमरेच्या करगोट्यातली मुळी सोडली, चुलीत टाकली आणि पाठमोराच विचारलं, "मग आता काय घेऊन जायचं आम्ही दरीत?"

"तिनं जे केलं ते," भिवरा म्हणाली. "ऊन तापल्याशिवाय गवतात पाय टाकायचा नाही. पाहिल्याशिवाय हात घालायचा नाही. ती केस फुगवते, तसं आपण पायांना जाड घोंगडीच्या पट्ट्या गुंडाळू. साप दिसला की मागं फिरायचं, त्यात लाज नाही. आणि मुंगसाच्या बिळाला कुणी हात लावायचा नाही. मी पुढं चालते. रोज. पहिलं पाऊल माझं."

कुणी हो म्हणालं नाही. पण थंडी पडली आणि दिवस उजाडला, तेव्हा दरीच्या तोंडाशी चाळीस माणसं उभी होती, पायांना घोंगडीच्या पट्ट्या बांधून. त्यांच्यापुढं हातात लांब काठी घेऊन भिवरा होती.

काम हळू चाललं. आधी लांब दांड्याच्या विळ्यांनी गवत कापलं. मग काठ्या आपटत माणसं पुढं सरकली. दगड उचलायचा झाला तर आधी पहारीनं कलता करायचा, थांबायचं, पाहायचं, आणि मगच हात. कारभारी येऊन कुरकुरला, "मागच्या साली याच्या दुप्पट दगड निघत होता!" एकदा त्यानं करवंदाच्या जाळीकडं बोट केलं. "सगळ्यात चांगला दगड तर तिथं आहे. तो सोडून इकडं काय फोडताय?"

"तिथं मुंगूस राहतं," गोंदाजी म्हणाला.

"मुंगसासाठी दगड सोडायचा?"

"ती रोज आमच्याआधी दरीत फिरून येते, कारभारी. तुम्ही येता का?"

कारभारी परत जाळीबद्दल बोलला नाही. पण गोंदाजी भिवराशीही बोलत नव्हता. ती पुढं चालायची, तो तिच्या मागं असायचा, आणि दोघांमध्ये दिवसभर एक शब्द व्हायचा नाही.

एके दिवशी राणू नावाच्या पाथरवटाला एक चांगला चिरा दिसला. त्यानं वाकून हात पुढं केला, आणि तो थांबला. हात मागं घेऊन त्यानं पहार लावली. चिरा कलता झाला. खाली घोणस होती, माणसाच्या दंडाएवढी जाड. ती फुत्कारली. राणू दोन पावलं मागं सरला, माणसं बाजूला झाली. बऱ्याच वेळानं घोणस गवतात निघून गेली.

राणूनं पहार खाली ठेवली. "कमरेला मुळी असती ना," तो म्हणाला, "तर मी हात घातला असता. देवाशप्पथ घातला असता."

गोंदाजी शेजारीच उभा होता. त्यानं ते ऐकलं. त्यानं घण खाली ठेवला, बाजूला एका दगडावर जाऊन बसला आणि डोक्याचं मुंडासं सोडून त्यात तोंड लपवलं. लखमा गेला तेव्हा तो रडला नव्हता. आता त्याचे खांदे हलत होते. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. थोड्या वेळानं तो उठला, भिवरापाशी आला आणि म्हणाला, "आक्का, भाकरी खाल्लीस का?"

"नाही अजून," भिवरा म्हणाली.

त्यानं आपली भाकरी मोडून अर्धी तिला दिली. दोघं एकाच दगडावर बसून जेवली.

होळीला चार दिवस राहिले असताना शेवटचे चिरे निघत होते. दुपारची वेळ होती. चाळीस घण चालू होते, आणि दरी नुसती घुमत होती. एवढ्यात भिवरानं हात वर केला. एक घण थांबला, मग दुसरा, मग सगळे.

कापलेल्या गवतातून, माणसांच्या समोरून, एक लांबच लांब प्राणी चालला होता. आधी वाटलं, अजगरच. पण ती मुंगसं होती. पुढं आई, तिच्या शेपटीला नाक लावून एक पिल्लू, त्याच्या शेपटीला नाक लावून दुसरं. पिल्लं आता जवळजवळ आईएवढी झाली होती. तिघं मिळून एकच अंग असल्यासारखी वळत होती, आई वळेल तशी, ती थांबेल तिथं थांबत. मोकळ्या जागेच्या मध्यावर आई मागच्या पायांवर उभी राहिली. तिनं चाळीस माणसांकडं पाहिलं. आजवर दगडाशिवाय कशापुढं न वाकलेली ती माणसं; त्यांच्यातल्या कुणाच्या हातातला घण खाली आला नाही की कुणी पाय हलवला नाही. गोंदाजीनं डोक्याचं मुंडासं उतरवून हातात घेतलं.

मग ती खाली झाली, आणि ती लांब, राखाडी ओळ गवतात शिरून दिसेनाशी झाली.

त्या सालात दरीत चाळीस माणसं गेली तशी चाळीस परत आली. भिंत पुरी झाली. डोंगरावरून चुकून येणारं पाणीसुद्धा त्या भिंतीनं अडवलं, आणि पुढच्या वर्षी चैत्रातही बायका तलावावर घागरी बुडवू लागल्या.

भिवराच्या दारात मात्र कितीतरी दिवस कुणी आलं नाही. जिनं स्वतःची चूक कबूल केली, तिच्या औषधावर भरवसा कसा ठेवायचा, असं लोक म्हणत. मग एकजण आला, मग दोघं आले. भिवरा औषध देताना आता आधीच सांगायची, "हे मी पाहिलंय," किंवा "हे मी नुसतं ऐकलंय." आणि कधी कधी सरळ म्हणायची, "हे मला माहीत नाही." होता होता सात गावांची माणसं तिच्याकडं यायला लागली. राजाच्या घरी कुणी आजारी पडलं, की राजाही आधी हेच विचारायचा, "भिवराबाईनं हे पाहिलंय का?"

म्हणून लक्षात ठेवा: ज्या गोष्टीवर दुसऱ्याचा जीव टांगायचा, ती आधी आपल्या डोळ्यांनी पडताळून पाहावी.